सहलीला निघताना मुलाची बाबागाडी कधी आणि कशी सोडवावी

मूल दोन वर्षांचे झाले, घरभर पळू लागले, तरी बाहेर निघताना त्याला बाबागाडीत बसवायचे की चालवायचे, हा प्रश्न सोलापुरातल्या अनेक घरांत दर रविवारी संध्याकाळी उभा राहतो. आजीला वाटते, एवढे पळणारे पोर गाडीत कशाला कोंबायचे. आणि आईला ठाऊक असते की नवी पेठेत अर्ध्या वाटेवर तेच पोर "उचल" म्हणून दोन्ही हात वर करणार आहे. दोघींचेही म्हणणे खरे आहे. म्हणून एखाद्या ठरावीक वाढदिवसाला बाबागाडी एकदम बंद करण्यापेक्षा ती एकेका ठिकाणावरून, ठरवून, क्रमाने काढून घ्यावी, असे मला वाटते. दीड वर्षाच्या आसपास सुरुवात करावी, तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत गावातल्या नेहमीच्या फिरण्यातून ती पूर्णपणे जावी, आणि लांबच्या प्रवासापुरती ठेवायचीच असेल तर चौथ्या वाढदिवसापर्यंत ठेवावी. त्यापुढे निरोगी मुलाला तिची गरज नसते.

या मर्यादांमागे कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांची हालचाल, बैठेपणा आणि झोप यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मुलाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा मोठ्यांच्या पाठीवर बांधून सलग एका तासापेक्षा जास्त वेळ ठेवू नये, आणि एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, असे त्यांत सांगितले आहे. तीन वर्षांनंतर या १८० मिनिटांपैकी किमान ६० मिनिटे धावणे, उड्या मारणे अशी दम लागेल इतकी हालचाल अपेक्षित आहे. जुळे सोलापुरातल्या किंवा होटगी रस्त्यावरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला अशी हालचाल करायला मोकळी जागा मिळते ती बहुधा संध्याकाळी बाहेर पडल्यावरच, आणि तोही वेळ पट्ट्यांत अडकून गेला तर ही १८० मिनिटे भरून काढायला दिवसात दुसरी जागा उरत नाही.

"एवढेसे पाय, त्याला कसे झेपणार?" ही काळजी घरातली मोठी माणसे नेहमी बोलून दाखवतात. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे आढळले होते. म्हणजे पायांत बळ असते. अवघड जाते ते एका दिशेने, मोठ्यांच्या वेगाने, न थांबता चालणे. खेळताना मूल चार पावले जाते, खाली बसते, खडा उचलते, मागे वळते. सहलीला निघालेल्या कुटुंबाला मात्र कुठेतरी पोचायचे असते. बाबागाडी सोडवण्याचे सगळे काम या दोन चालींमधले अंतर हळूहळू कमी करण्याचे आहे, आणि त्यात निम्मे बदलायचे आहे ते मोठ्यांनी.

वेळ आली आहे हे कसे ओळखावे

मूल पट्टा लावताना पाठीची कमान करून ताठ होते, चालत्या गाडीत उठून उभे राहण्याचा प्रयत्न करते, पट्ट्यातून खांदे काढून घेते, पाय खाली सोडून रस्त्याला घासते, ही पहिली खूण. बाबागाडीच्या अपघातांत पडून डोक्याला मार लागण्याचे प्रकार बरेच असतात, आणि उठून उभे राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो धोका सर्वांत मोठा असतो. अशा मुलाला जबरदस्तीने बसवण्यापेक्षा त्या दिवशी चालू देणे अधिक सुरक्षित. दुसरी खूण वजनाची. अनेक बाबागाड्यांवर १५ किलोची मर्यादा छापलेली असते, तर तीन वर्षांच्या मुलाचे वजन साधारणपणे १४ किलोच्या आसपास असते. त्यात पाठीमागच्या दांड्याला भाजीची किंवा कपड्यांची पिशवी अडकवली की मूल उतरताच गाडी मागे कलंडते. आपल्या गाडीवरची पट्टी एकदा नीट वाचावी आणि दांड्याला पिशव्या अडकवण्याची सवय आजच सोडावी. तिसरी खूण वागण्यातली आहे: मूल घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आनंदाने चालत जाते, पण बाबागाडी समोर दिसली की त्यातच बसायचा हट्ट धरते. हा थकवा नसतो, ही सवय असते, आणि ती जितकी लवकर सोडवाल तितकी सोपी जाते.

उलट, मूल अजून डुलत चालत असेल, वाक्यातली "थांब" ही सूचना ऐकून थांबत नसेल, तर घाई करू नये. हाक मारल्यावर थांबणे हे वाहत्या रस्त्यावर चालण्याच्या आधी आले पाहिजे. याची सवय घरातल्या व्हरांड्यात किंवा सोसायटीच्या आवारात खेळाच्या रूपाने करून घेता येते: "चाल" म्हटले की चालायचे, "थांब" म्हटले की पुतळा व्हायचे. दोन वर्षांच्या मुलाला हा खेळ फार आवडतो.

कोणत्या ठिकाणावरून आधी काढावी

सुरुवात गल्लीपासून करावी. दूध आणणे, कोपऱ्यावरच्या मारुतीला जाणे, शेजारच्या बिल्डिंगमधल्या मावशीकडे जाणे, अशा पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांतून दीड वर्षानंतर बाबागाडी पूर्ण काढावी. या फेऱ्यांना वेळ दुप्पट लागेल हे आधीच धरून निघावे. घाईच्या वेळी हा प्रयोग करू नये, कारण घाईत मोठ्यांचा धीर सुटतो आणि मुलाला चालण्याबद्दल ओरडाच आठवतो.

त्यानंतर बागा आणि तळी. सिद्धेश्वर तलावाचा काठ, भुईकोट किल्ल्याजवळची बाग, विजापूर रस्त्यावरचा धर्मवीर संभाजी तलाव ही ठिकाणे या शिकवणीसाठी उत्तम आहेत, कारण तिथे पोचणे हाच कार्यक्रम असतो आणि वाटेत थांबलात तरी काही बिघडत नाही. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जाताना बाबागाडी सोबत असू द्यावी, पण बाहेर, वाहन लावले तिथपर्यंतच. आत चालत जावे आणि परतताना मूल खरोखर दमले असेल तरच शेवटचा टप्पा गाडीत बसवावे. पाण्याच्या काठावर मात्र मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरलेला असावा, आणि तो माणूस कोण हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. "तुझ्याकडे होता ना?" हा प्रश्न तळ्याकाठी कुणाला विचारावा लागू नये.

सिद्धेश्वराच्या मंदिरात तर बाबागाडीचा उपयोगच फारसा नाही. चपला काढाव्या लागतात, पायऱ्या उतराव्या लागतात, आणि उन्हाळ्यात दुपारी फरशी इतकी तापते की मोठ्यांनाही पाय उचलत चालावे लागते. मुलाला इथे सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर न्यावे. फरशीवर आपल्या हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्या कोवळ्या तळव्यांना नक्कीच सोसणार नाही.

बाजार तिसऱ्या टप्प्यावर ठेवावा. नवी पेठ, चाटी गल्ली, मंगळवार पेठ इथे रस्त्याच्या कडेला दुचाकी उभ्या असतात, चालायची जागा उरते ती वाहनांच्या मधून, आणि तिथे बाबागाडी ढकलणे म्हणजे मुलाला वाहनांच्या धुराड्यांच्या उंचीवर धरून नेण्यासारखे आहे. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: रस्त्यापासून पहिल्या मीटरभर उंचीत वाहनांच्या धुराचे प्रमाण जास्त असते आणि बाबागाडीतल्या मुलाचे नाक नेमके त्याच थरात येते. चालणाऱ्या छोट्या मुलाचे नाकही फार वर नसते, हेही खरे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की तीन वर्षांखालच्या मुलाला सणासुदीच्या खरेदीला पेठेत न्यायचेच असेल तर ते अर्ध्या तासाचे काम असावे आणि मूल कडेवर किंवा पाठीमागे नीट बांधता येईल अशा झोळीत असावे. दिवाळीच्या कपड्यांची चार दुकाने पालथी घालायची असतील तर मूल घरी आजोबांजवळ राहिलेले बरे. हे मुलाच्या हिताचे आहे आणि खरेदीच्याही.

सर्वांत शेवटी लांबचा प्रवास. रेल्वेने पुण्याला जाणे, लग्नाला परगावी जाणे, विमानतळावर किंवा रुग्णालयात तासन्‌तास थांबणे, अशा ठिकाणी अडीच-तीन वर्षांच्या मुलालाही बाबागाडी उपयोगी पडते, कारण तिथे ती झोपायची जागा असते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, त्यात दुपारची डुलकीही आली. ही झोप बुडाली की संध्याकाळी मूल चालण्यास नकार देते, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. फलाटावर बाबागाडी उभी करताना ब्रेक लावावा आणि ती रुळांना समांतर उभी करावी. फलाटाचा उतार डोळ्यांना दिसत नसला तरी चाकांना कळतो. सरकत्या जिन्यावर बाबागाडी कधीही चढवू नये.

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर या जवळच्या वाऱ्या म्हणजे सोलापूरकरांचा नेहमीचा कौटुंबिक प्रवास. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तुळजापूरला मंदिरात उतरायला पायऱ्या आहेत, पंढरपूरला दर्शनाची रांग आणि अरुंद बोळ. दोन्हीकडे बाबागाडी वाहनातच ठेवलेली बरी. मुलाने रांगेत चालायचे, दमले की कुणीतरी उचलायचे, आणि उचलणाऱ्यांची पाळी आधी लावून ठेवायची. चौदा किलोचे मूल एकट्या आईने अख्खी रांग कडेवर घ्यावे, ही अपेक्षा चुकीची आहे. बाबा, मामा, काका यांनी यात आपला वाटा उचललाच पाहिजे. गरोदर बाई किंवा कंबरदुखी असलेली आजी यांच्यावर तर हे काम येताच कामा नये.

चालण्याची सवय प्रत्यक्षात कशी लावावी

पहिल्या आठवड्यांत मुलाला रिकामी बाबागाडी ढकलू द्यावी. स्वतः ढकलणारे मूल बसायला मागत नाही, हा अनेक घरांतला अनुभव आहे. बाहुली किंवा पाण्याची बाटली त्यात ठेवायला दिली तर त्याला काम मिळाल्यासारखे वाटते. उतारावर आणि रस्ता ओलांडताना मात्र दांडा मोठ्यांच्या हातात असावा.

नंतर अंतर ठरवावे, आणि ते मुलाला दिसेल अशा खुणांनी सांगावे. "अजून थोडं" या शब्दांना दोन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. "त्या लाल फाटकापर्यंत चालायचं, मग पाणी प्यायचं" हे त्याला समजते. एक फाटक, मग औषधाचे दुकान, मग पिंपळाचा पार, अशी वाट तोडत न्यावी. माझा ढोबळ अंदाज असा की मधूनमधून थांबत दोन वर्षांचे मूल अर्धा किलोमीटर आणि तीन वर्षांचे मूल एक ते दीड किलोमीटर सहज चालते. पण प्रत्येक मूल निराळे, म्हणून आपल्या मुलाचे अंतर आपणच पाहून ठरवावे आणि दर पंधरा दिवसांनी किंचित वाढवावे. जाण्यायेण्याचे मिळून अंतर मोजायला विसरू नये, कारण परतीच्या वाटेवरच सगळे रडणे होते.

मूल "उचल" म्हणाले की लगेच उचलू नये आणि लगेच नाहीही म्हणू नये. आधी थांबावे, खाली बसावे, पाणी द्यावे, बुटात खडा गेला आहे का ते पाहावे. पुष्कळदा दोन मिनिटांच्या थांबण्याने काम होते. तरीही नको म्हणत असेल तर पुढच्या खुणेपर्यंत उचलून न्यावे आणि तिथे ठरल्याप्रमाणे खाली ठेवावे. उचलणे बक्षीस नाही आणि चालणे शिक्षा नाही, हे मुलाला आपल्या आवाजावरून कळते. "चालला नाहीस तर गाडीत बांधून ठेवीन" असे कधीही म्हणू नये. त्याने बाबागाडीही नकोशी होते आणि चालणेही. तसेच गाडीत बसवून हातात मोबाईल देण्याची सवय लागली असेल तर ती आधी मोडावी लागते, कारण तिथे मुलाला गाडी हवी नसते, मोबाईल हवा असतो.

आता एक सावधगिरी, जी मला या लेखातली सर्वांत महत्त्वाची वाटते. बाबागाडी सुटल्यावर मोठी माणसे मुलाचे मनगट धरून चालतात, मूल रेंगाळले की ओढतात, अडखळले की एकाच हाताने वर उचलतात किंवा दोघे दोन्हीकडून हात धरून झोका देतात. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपराच्या सांध्याभोवतीचा बंध सैल असतो आणि अशा हिसक्याने तिथले हाड जागेवरून सरकते. मूल रडते आणि मग तो हात हलवेनासे होते, अंगाजवळ लोंबता ठेवते. असे दिसले तर घरी ओढाताण किंवा चोळणे न करता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. बहुधा ते काही क्षणांत सांधा बसवतात. टाळण्याचा उपाय साधा आहे: मुलाला आपले बोट धरायला द्यावे किंवा तळहाताला तळहात लावून धरावे, आणि उचलताना नेहमी दोन्ही काखांत हात घालून उचलावे. आजी-आजोबांना आणि हौशी आत्या-मामांनाही हे सांगून ठेवावे.

पादत्राणांबद्दल थोडक्यात: मागे पट्टा असलेली, वाकणाऱ्या तळव्याची सँडल किंवा बूट घ्यावेत. अंगठ्याच्या चपलांत एवढे मूल लांब चालू शकत नाही, आणि वाजणारे किंवा दिवे लागणारे बूट मापात नसतील तर त्यांचा उपयोग नाही.

ऊन आणि गड्डा

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चालण्याची शिकवणी सकाळी किंवा सूर्य मावळल्यानंतरच ठेवावी, आणि तेव्हाही डांबर बराच वेळ तापलेले असते हे लक्षात घ्यावे. उन्हापासून वाचवण्यासाठी बाबागाडीवर ओढणी किंवा पंचा पांघरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती घातक आहे. कापड पातळ असले तरी आतली हवा कोंडते, आतले तापमान झपाट्याने वाढते आणि मूल शांत झोपले आहे असे वाटत असताना ते उष्म्याने मलूल झालेले असू शकते. सावलीसाठी गाडीचे छप्पर ओढून घ्यावे पण त्यावर कापड टाकू नये, सुती सैल कपडे आणि टोपी घालावी, पाणी वारंवार द्यावे, आणि भर दुपारी न जाणे हाच खरा उपाय मानावा.

मकरसंक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला मुलाला न्यायचे असते, न्यावेच. पाळणे, खेळणी, चिरमुऱ्यांच्या राशी हे सोलापूरच्या लहानपणाचे हक्काचे सुख आहे. पण गर्दीत बाबागाडी नेऊ नये. धूळ खाली जास्त असते, मागून ढकलणाऱ्याला पुढचे दिसत नाही, आणि गर्दी हलली तर गाडी वळवताही येत नाही आणि झटकन उचलताही येत नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी हे दुप्पट लागू आहे. संध्याकाळच्या सुरुवातीला, गर्दी वाढण्यापूर्वी जाऊन यावे. मुलाच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढून ठेवावा, आणि तीन वर्षांच्या मुलाला "आई दिसली नाही तर आहेस तिथेच उभं राहायचं" हे घरीच दोन-चार वेळा सांगावे. मूल दिसेनासे झाले तर शोधत बसण्यात वेळ न घालवता जवळच्या पोलिसांना सांगावे. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक मोबाईलमध्ये असावेत.

बाबागाडी सुटली की बरीच कुटुंबे मुलाला दुचाकीवर पुढे उभे करून फिरू लागतात, आणि इथे एक धोका टळून दुसरा मोठा धोका येतो. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. बागेपर्यंत दुचाकीने जाऊन आत चालायचे असेल तर हे सामान घेतल्याशिवाय निघू नये.

ज्यांना हे वेळापत्रक लागू नाही

धाकटे भावंड जन्मले की तीन वर्षांचे मोठे मूल पुन्हा बाबागाडीत बसायला मागते. त्याला हिणवू नये. पाच मिनिटे बसू द्यावे, मग दांड्याची एक बाजू त्याच्या हाती देऊन "आपण दोघं मिळून बाळाला नेऊ" म्हणावे. त्याला गाडी हवी नसते, आपल्याजवळची जागा हवी असते.

स्नायूंचा किंवा मेंदूशी संबंधित आजार, हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्दी-गोंगाट सहन न होणे अशा कारणांनी काही मुलांना पाच-सहा वर्षांनंतरही आधाराची गाडी लागते. ती त्यांनी निःसंकोच वापरावी, आणि रस्त्यात भेटणाऱ्यांनी "एवढा मोठा झाला तरी गाडीत?" असे त्या आईवडिलांना विचारू नये.

दीड वर्षाचे होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात जवळजवळ सर्व निरोगी मुले १८ महिन्यांच्या आत एकटी चालू लागलेली दिसली आहेत. तीन वर्षांचे मूल थोडे चालून रोज पाय दुखतात म्हणत असेल, लंगडत असेल, सतत एकाच बाजूला पडत असेल किंवा आधी चालत असलेले अंतर आता चालेनासे झाले असेल, तर तो आळस समजून पुढे रेटू नये. आधी तपासणी करावी आणि तोवर बाबागाडी अडगळीत टाकू नये.

गाडी कायमची सुटल्यावर ती दुसऱ्या घरात देणार असाल तर देण्यापूर्वी ब्रेक, पट्ट्यांचे कुलूप आणि घडी घालण्याच्या सांध्यांची खटकी तपासावी. घडीचा सांधा सैल झाला असेल तर गाडी मुलासकट मिटू शकते आणि त्यात बोटेही सापडू शकतात. अशी गाडी दुरुस्त होत नसेल तर कुणालाही न देता भंगारात घालावी.